भाऊबीजेचे पोहे

नवऱ्यानं गहाण टाकलेली लोधिवलीची जमीन सोडवून घ्यायचा जयवंताबाईंचा दावा मुदत उलटली म्हणून फेटाळला गेला. आता अपील करायचं, तर एवढा उशीर का केला ते सांगणं भाग होतं.

“जमीन माज्या सख्ख्या भावाकडंच गहाण हाय, वकीलसायेब. दर भाऊबीजेला त्याच शेतातल्या नव्या भाताचे पोहे घेऊन यायचा. म्हनायचा, जमीन तुजीच हाय गं, कवाबी सोडव. अशा भावावर दावा कोन लावल?”

“असं त्यानं कधी लिहून दिलं?”

“ओवाळताना कोन लिहून घेतं? दादा तसा नाय. कोर्टात भांडतात ती त्याची पोरं.”

“अजून येतो भाऊबीजेला?”

“नाय. तीन वर्सं झाली, गुडघे धरलेत त्याचे. मीच तेल पोचवते.”

वकिलांनी निकाल पुन्हा चाळला. “मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली, बाई. दिवाळीच्या जरा आधी.”

जयवंताबाई पिशवीतल्या निरगुडीच्या तेलाच्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे गुडघे चांगले हायेत त्याचे.”