तिरपं चाक

चेन तिसऱ्यांदा पडली तेव्हा गोरेगाव अजून दोन कोस होतं, आणि तिथं केशरबाईचा बाप शेवटच्या घटका मोजत होता. सकाळीच सांगावा आला होता : लेकीला पाहायचं म्हणतो, लवकर या.

केशरबाईच्या नवऱ्यानं, जळबानं, सायकल उलटी उभी केली, काळ्या बोटांनी चेन चढवली, पायडल फिरवलं आणि मान डोलावली. मान डोलावण्यात तो वाकबगार होता. "लूज झाली," म्हणाला, आणि मागचं चाक दगडानं ठोकून मागं सरकवलं. शंभर पावलांवर चेन पुन्हा पडली.

"अवो, मी व्हते की पुढं चालत."

"अन् मी? सायकल ढकलत मागून येऊ? लग्नात तुझ्या बापानं दिलेली सायकल. तिच्यावर बसूनच सासुरवाडीच्या वेशीत शिराया पाहिजे. न्हाईतर लोकं म्हणतील, जावयाला सायकल बी सांभाळता येत न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात टाकलेली खडी त्या रस्त्यावर अजून दबायची होती. मागून एक बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "बसा, बाई. पाव्हणं, सायकल बी टाका वर."

"जावई काय पोत्यावानी गाडीत पडून जाईन व्हय?"

गाडीवानानं बैल हाकले. गाडी वळणाआड जाईपर्यंत केशरबाई तिच्याकडं पाहत राहिली. नवरा सायकल दुरुस्त करून राहिला की बोलू नये, एवढं ती चार वर्षांत शिकली होती.

चौथ्यांदा दोष चेनीचा निघाला. पाचव्यांदा खडीचा. सहाव्यांदा कॅरिअरवर बसणाऱ्या केशरबाईचा. सातव्यांदा सासऱ्याचाच : "हलका माल घेतला तुझ्या बापानं."

उन्हं कलायला लागली तेव्हा गोरेगावचा सायकलवाला हरिचंद हिंगोलीहून टायर घेऊन परतताना दिसला. तो उतरला, एक डोळा मिटून सायकल मागून पाहिली.

"चेन बराबर हाय. चाक तिरपं बसलंय. पंक्चर कुनी काढलं?"

जळबा धोतराला हात पुसत राहिला. पंक्चर काल चाक खोलून त्यानंच काढलं होतं. सासुरवाडीच्या सायकलीला परका हात लागू नये म्हणून.

हरिचंदनं दोन नट सैल केले, चाक सरळ केलं, पान्यानं पुन्हा आवळले. ओठातली बिडी विझायच्या आत काम झालं.

मग सायकल पाण्यासारखी चालली. जळबा मान खाली घालून पायडल मारत सुटला, जणू निघून गेलेली सकाळ त्याला गाठायची होती.

वेशीअलीकडच्या ओढ्यावर केशरबाईचा चुलतभाऊ ग्यानोबा समोरून आला. बोडक्या डोक्यानं. त्यांना पाहून कडेला थांबला.

"तुमच्याकडंच निघालो व्हतो," तो खाली पाहत म्हणाला. "आत्ताच... घटकाभर झाली."

जळबा आणखी जोरानं पायडल मारायला लागला.

मागून केशरबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हळू चालवा," ती म्हणाली. "आता घाई न्हाई."