मऊ गोळी

"आणि नेम चुकला तर गोळी कुठं जाते?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

कृष्णकांतनी हातातला खोका काउंटरच्या काचेवर ठेवला. इतवारीतल्या या दुकानात बंदुका आणि काडतुसं विकण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. येणारा प्रत्येक जण नेम लागला तर काय होईल, एवढंच विचारायचा. चुकला तर काय, हे विचारणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं.

"तुम्ही मास्तरीण होत्या का, ताई?"

"अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. काहून?"

"काही नाही. सवाल तसा आहे."

बाई हसल्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडीतल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. हुडकेश्वरहून दोन ऑटो बदलून आल्या होत्या. घरात बत्तीस बोअरची रिव्हॉल्वर होती, एवढं त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं. मागच्या महिन्यात त्यांच्या लेआउटमधली दोन घरं फुटली, तेव्हापासून घरात नव्या काडतुसांचा विषय निघत होता.

"म्हटलं, आणायच्या आधी समजून तर घ्यावं."

त्यांनी पिशवीतून प्लायवूडचा वीतभर तुकडा काढून काचेवर ठेवला.

"हे याच्या आरपार जाईल का?"

कृष्णकांतनी तुकडा उचलला, कड बघितली. "हे कुठलं?"

"आमच्या घरातलं. घराचे दोन भाग आहेत, मधात अशी फळी. मी पक्की भिंत घालू म्हटली होती. पण घरातले मोठे नाही म्हणाले. घर एकच आहे म्हणे, भिंत कायले पाहिजे."

"माणूस चांगला आहे."

"फळीच्या अलीकडं रिव्हॉल्वर राहते," बाई म्हणाल्या, "अन् पलीकडं एक बाई झोपते. एकटीच. फळीपासून पलंग हातभर. मी टेपनं मोजलं."

आता कृष्णकांतनाही चेव आला. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, नव्या पोऱ्याला शिकवावं तसं बाईंना शिकवायला लागले. दोन खोके उघडून एकेक काडतूस काचेवर उभं केलं. एकाचं टोक करड्या शिशाचं होतं, दुसऱ्याचं तांब्यानं मढवलेलं.

"समजा, भिंतीवर शेणाचा गोळा मारला तर काय होते?"

"पसरते."

"अन् खिळा ठोकला तर?"

"घुसते."

"झालं तर मग. हे शिशाचं मऊ. कशावर आपटलं का पसरते, जोर तिथंच खर्ची पडते. हे तांब्याचं लवकर पसरत नाही, घुसत जाते."

"म्हणजे शिशाचं फळीत थांबेल?"

"तशी हमी मी देणार नाही, ताई. इतकी पातळ फळी कोणतीही गोळी फोडू शकते. फक्त मऊ गोळीचा जोर कमी होईल, एवढंच. त्या बाईचा पलंग दुसरीकडं हलवा, ते सगळ्यात चांगलं."

"मोठ्यांनीच लावून देला तिथं. कूलरची हवा बरोबर अंगावर येते म्हणून. इतक्या मायेनं कोणी करून देल्यावर हलवणं बरं दिसत नाही."

बाईंनी चष्मा लावून डायरीत काहीतरी लिहून घेतलं. मग दोन्ही काडतुसं बोटांत धरून वजन केलं, उजेडात फिरवून पाहिलं, टोकावरून अंगठा फिरवला. साठीच्या बाईचे डोळे प्रयोगशाळेत पहिल्यांदा शिरलेल्या पोरीसारखे झाले होते.

"शिशाचंच बरं," त्या शेवटी म्हणाल्या.

"मी पण हेच म्हटलं असतं. लायसनचं पुस्तक द्या, नोंद करतो."

बाईंनी चष्मा काढला.

"लायसन माझं नाही, भाऊ. रिव्हॉल्वर माझ्या भासऱ्याची आहे, नवऱ्याच्या मोठ्या भावाची, गणपतरावांची. ते येतील दोनचार दिवसांत. तुमच्याकडूनच घेतात ते."

"मग तुम्ही...?"

"पलीकडं झोपते ती बाई मीच आहे. नवरा गेल्यापासून घराचा तो भाग माझ्याकडं आहे." त्या जरा ओशाळल्या. "भासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्या घरात रीत नाही. अन् माणूस घाबरट. मांजर पडलं तरी उठून बसतात. उद्या अंधारात घाबरून चालवलीच तर? म्हणून आली. त्यांले ही मऊवाली देजा. मी आली होती म्हणून मात्र सांगू नका. त्यांच्या मनाले लागेल."

कृष्णकांतनी मान डोलावली. बाईंना दारापर्यंत सोडायला ते स्वतः उठले. प्लायचा तुकडा काचेवरच राहिला होता. त्यांनी हाक मारून तो परत दिला.

गणपतराव तिसऱ्या दिवशी दुपारी आले. पांढरा सदरा, कपाळावर घाम, आवाज मऊ. आधी पाणी मागून प्यायले, मग लायसनचं पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं.

"आमच्या तिकडं चोऱ्या वाढल्या, भाऊ. लहान भाऊ गेला, त्याची बायको घरात एकटी. जिवाले घोर लागून राहते."

"खरं आहे," कृष्णकांत म्हणाले. त्यांना या माणसाविषयी बरं वाटलं. कोणाचं नाव न घेता दिलेला शब्द पाळता येणार होता. त्यांनी शिशाच्या काडतुसांचा खोका उघडून समोर सरकवला.

"घरात ठेवायले हीच घ्या. मऊ आहे. मधात फळीबिळी आली तर तिथंच जोर मोडते. पलीकडच्या माणसाले त्यातल्या त्यात धोका कमी."

गणपतरावांनी एक काडतूस उचललं, निरखून पाहिलं आणि हलक्या हातानं खोक्यात परत ठेवलं.

"मग ही नको," ते म्हणाले. "आरपार जाणारी दाखवा."