आदल्या दिवसाचं इतिवृत्त

पक्षाच्या बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशीच टाइप करायचं, ही त्या कार्यालयाची जुनी रीत. त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार कोण द्यायचा यावर बंद दाराआड आज कितीही घसे कोरडे पडले, तरी 'पक्षप्रमुखांच्या मेहुण्यांची एकमताने निवड' हा कागद कालच सह्यांसाठी पक्षप्रमुखांच्या टेबलावर गेला होता. बारा जण मेहुण्यांच्या थोरवीचं दळण दळत होते आणि टायपिस्टबाई लिहिण्याचं सोंग करत वहीत गोल गोल काढत होत्या.

तेवढ्यात मास्तर ताडकन उठले. पक्षातले सगळ्यात जुने सभासद.

"ज्याला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत, त्याच्या हाती देश द्यायचा? अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! माझा विरोध आहे. लिहून घ्या, बाई!"

बाईंनी गोल काढायचं सोडून मान वर केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा या खोलीत कुणीतरी माणसासारखं बोललं होतं. नोकरी गेली तर गेली, म्हणत त्यांनी मास्तरांचा शब्द न् शब्द उतरवून घेतला. बैठक संपल्यावर तो टाइप केला आणि कागद सहीसाठी मास्तरांपुढे ठेवला.

मास्तरांनी तो सावकाश वाचला, चष्मा काढून पुसला आणि इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले,



"हा फाडून टाका, बाई. कालच्या कागदावर पहिली सही माझीच आहे. भाषण कसं झालं, तेवढं सांगा."