एक काढते, दुसरं भरते

"कॅमेऱ्याच्या बॅगेशी पोरीला खेळाय देऊ नको गो, एक काढते नि दुसरं भरते," सापगावला सासूने बजावलं होतं. "खेळू द्या आई, फोटोग्राफरची पोर हाय," म्हणत रोशनीने हसण्यावारी नेलं. आज दादरच्या हॉलमध्ये तिची एकटीची पहिली ऑर्डर. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि बॅटरीची खूण लाल झाली. दुसरीसाठी बॅगेत हात घातला, तर हाती आला पोरीचा खुळखुळा. आता एकच फोटो निघणार. अंतरपाट सरला, नवरानवरी लाजून खालीच बघत राहिली. तिने खुळखुळा वाजवला. दोघं चमकून वर बघून हसली. बटण दाबलं. फोटो मिळाला आणि कॅमेरा बंद. आनंदाने खुळखुळा नाचवताना तिला उमगलं: हा इथे, मग बॅटरी कुठे? सासू फोन उचलत नाही. सापगावात असाल तर पोरीच्या तोंडात काय आहे, तेवढं बघा.