कायम अधिक

हरिबानं पोरीची पत्र्याची पेटी जिन्यावरून खाली आणून क्लासच्या दारात ठेवली. दारावर मार्कांची यादी होती. ऐंशीच्या खाली आलं की वरच्या मजल्यावरची राहायची जागा सोडायची, हा जोतीराम सरांचा नियम. सुकन्याला अठ्ठ्याहत्तर पडले होते.

"सर, नेमकं चुकलं कुटं?" हरिबा म्हणाला. "आता मेंढरामागंच यायची हाय ती, पर हिच्या आईनं इचारलं तर सांगाया तरी पायजे."

अकराची बॅच भरत आली होती. तरी सांगोल्याहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या माणसाला असंच वाटेला लावणं सरांच्या जिवावर आलं. त्यांनी पेपर काढला. चार मार्कांचं शेवटचं गणित पुरतं चुकलेलं, बाकीचे मार्क इथंतिथं गेलेले.

"असं बघा. बंद भांड्यात एक भाग हायड्रोजन, दोन भाग आयोडीन. दोघं मिळून तिसरा वायू होतो, आणि तो फुटून परत हेच दोन होतात. होणं आणि फुटणं सारख्या वेगानं चाललं की समतोल. तेव्हा कोण किती उरलं, ते काढायचं."

"व्हय."

"त्यासाठी हायड्रोजन किती खपला ते हवं. गणितात उत्तरं दोन येतात, सूत्रात अधिकचं चिन्ह घेतलं की एक, वजाचं घेतलं की दुसरं." सरांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं लाल ऑइलपेंटमध्ये लिहिलं होतं, 'कायम अधिकचं घ्या.' एकोणीस वर्षं पोरं त्या ओळीवर तरली होती, आणि सरांना तिचा भारी अभिमान. औंदा मात्र त्यांनी गणित नवं घातलं होतं. "हिनं वजाचं घेतलं, शून्य पूर्णांक त्र्याण्णव. घ्यायचं होतं अधिकचं. म्हणजे त्या एका भागातले दोन पूर्णांक तेहेतीस भाग..."

सर थांबले.

"व्हय, फुडं?" हरिबा म्हणाला.

सरांनी पेपर डोळ्यांजवळ धरला. समासात सुकन्याचं बारीक अक्षर होतं, 'हायड्रोजन एकच भाग होता.' त्यावरून त्यांचीच लाल फुली गेलेली.

"तुला कळलं होतं?" त्यांनी बापामागं उभ्या सुकन्याला विचारलं.

"व्हय सर," सुकन्या म्हणाली.

"मग पेपर वाटले तेव्हा बोलली का नाहीस?"

तिनं भिंतीकडं बघितलं. "तुमीच लिवलंय की."

तिचे चार मार्क गुपचूप वाढवून टाकावेत, असं सरांच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. मग त्यांनी दारावरची यादी काढली आणि अख्ख्या बॅचसमोर सांगितलं, "शेवटचं गणित मी चुकीचं शिकवलं. कुणाचे मार्क कापणार नाही. सुकन्याचे ब्याऐंशी."

पहिली आलेली राजनंदिनी वही उघडून बघत राहिली. बाकीची पोरं भिंतीकडं बघत होती.

"पेटी वर न्या, हरिबा."

सरांनी फडकं ओलं करून भिंत पुसली. रंग हलेना. खिशातली किल्ली काढून 'कायम'वर घासली, तर नुसता ओरखडा उठला.

हरिबा पेटी घेऊन निम्मा जिना चढला होता. तो खाली आला आणि कमरेचा चाकू काढून त्यानं सरांपुढं धरला.

"दमानं घासा सर. निघंल."