चौथा खांदा

कॅथीड्रलसमोरची घंटा तीनदा वाजली आणि ऑत्तावियोने वाती वितळत्या मेणात तशाच सोडल्या. आज त्याची पाळी होती. फ्लॉरेन्समध्ये आजाऱ्याला इस्पितळात न्यायचं तर बंधुमंडळच धावत असे. चौघे जण, पायघोळ काळे अंगरखे, तोंडावर बुरखा, डोळ्यांपुरती दोन भोकं. सेवा कुणी केली हे कुणाला कळू नये, अशी शपथ. अंगरखा चढवला की नाव खुंटीवरच राहायचं.

पत्ता वाटेत कळला. कातडी बाजारामागचं घर, चौथा मजला. ऑत्तावियोचा पाय पहिल्याच पायरीला अडखळला. इथे त्याची मुलगी राहत होती. अकरा वर्षांपूर्वी ती एका नाटकवाल्याबरोबर निघून गेली, तेव्हापासून त्याने तिचं नाव टाकलं होतं.

इसोलीना खाटेवर पडली होती. उशीवर रक्त सुकलेलं. घरमालकीण झाइरा फणकारत होती.

"बाप आहे की हिला! देवळाला मेणबत्त्या पुरवतो, मोठा पुण्यवान! पण हा जिना चढायला त्याच्या पायांत बळ कुठलं?"

ऑत्तावियोने मुलीच्या पाठीखाली हात घालून तिला उचललं. वजन असं नव्हतंच. तिने त्याच्या बाहीला येणारा मेणाचा वास घेतला आणि डोळे मिटले.

चौघांनी डोली खांद्यावर घेतली; ऑत्तावियो मागे, डाव्या बाजूला. रस्त्यातल्या लोकांनी टोप्या काढल्या. पुलावर सांगतो, ऑत्तावियो स्वतःशी म्हणाला. मग, कोपऱ्यावर सांगतो. मग, दारात.

इस्पितळाच्या दारात सिस्टर वही घेऊन बसल्या होत्या.

"नाव?"

"इसोलीना," ती डोलीतूनच म्हणाली.

"जवळचं कुणी आहे का? असेल तर आत्ताच बोलवा. उद्यावर ठेवण्यासारखं नाही हे."

बुरख्याचं कापड ऑत्तावियोच्या ओठांना चिकटलं. त्याचा हात गळ्याशी गेला, बुरख्याच्या काठापर्यंत.

"कुणी नाही असं लिहा," इसोलीना म्हणाली. बघत होती ती थेट त्या दोन भोकांकडे. "आणि यांना थांबवू नका, सिस्टर. शपथ असते यांची."

हात खाली आला.

सिस्टरांनी लिहिलं. इसोलीनाला आत नेलं. चौघे रिकामी डोली उचलून चौकाकडे वळले. दहा पावलं गेली असतील, नसतील.

"मागचा डावा," पुढून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "खांदा वर घे रे. सगळा भार आमच्यावर येतोय."