सात नंबरचा नमुना

काचपट्टीवर गुठळी झाली नाही. मधलीने पट्टी दिव्यासमोर धरून पुन्हा हलवली. थेंब दुधट होता, तसाच राहिला. तिच्या जिवात जीव आला.

पाळणाघरातली अकरा मुलं तापाने फणफणली होती, त्यातली दोन अत्यवस्थ. कुणाच्या तरी हातून जेवणात जंतू जात होता. तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचे नमुने मधलीच्या प्रयोगशाळेत आले होते, नावं झाकून, नुसते नंबर टाकून. पण ताईला कुठला दम निघतोय! "माझा सात नंबर बरं का गं," तिने फोन करून सांगूनच टाकलं होतं. तिची ताई तिथली स्वयंपाकीण. सातमध्ये जंतू निघाला होता खरा, पण मुलांच्या जंतूची गुठळी करणारं सीरम त्याच्यावर चाललं नाही. म्हणजे जंतू वेगळा. ताई सुटली.

"सातवर सही करू ना?" साहेबांनी दारातूनच विचारलं. "ज्याचा असेल त्याला उद्यापासून कामावर घेतील."

हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण मधली म्हणजे मीठसुद्धा तपासल्याशिवाय खारट न म्हणणारी बाई. लहानपणी आई कामावर जायची, तिघा भावंडांचं घर ताईच बघायची. ताई एकदा मोठ्या तापातून उठली आणि महिन्याभरात बारक्या, त्यांचा चार वर्षांचा भाऊ, तापानेच गेला. पाणी बाधलं, असं सगळे म्हणाले. तपासलं कुणीच नाही. तेव्हापासून हिला ही खोड.

आणि हा जंतू महालबाड. त्याच्या अंगावरच्या शेपट्या दोन तऱ्हेच्या. झगा बदलावा तशा तो बदलतो. त्याच्या डीएनएमधला एक तुकडा दोन ठराविक जागी सुटतो, जागच्या जागी उलटा होतो आणि पुन्हा जोडला जातो. काही वाढत नाही, काही हरवत नाही, फक्त झगा बदलतो. सीरम ओळखतं ते झग्याला. एकच झगा पाहून सही केली, की चोर डोळ्यांदेखत निसटतो.

"सही उद्या, साहेब," ती म्हणाली.

तिने सातचे जंतू मऊ जेलीच्या एका टोकाला सोडले. आज दिसलेला झगा अडवणारं दुसरं सीरम जेलीत मिसळलं होतं. झगा बदललेले असतील तेच पोहून पलीकडे जाणार. घरी तिने ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. देवा, पलीकडे कुणी पोचू नये, एवढंच ती घोकत राहिली.

सकाळी जेलीच्या पलीकडच्या टोकाला धुरकट पट्टा उमटला होता. तिने तिथले जंतू उचलले, काचेवर कालच्याच, मुलांच्या जंतूच्या सीरमचा थेंब टाकला. दूध नासावं तशा भराभर गुठळ्या झाल्या. जंतू मुलांचाच होता.

तिने फोन लावला. "ताई, आता स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस. जंतू तुझ्यात आहे. तुला त्रास नाही म्हणून कळलं नाही. असा तो वर्षानुवर्षं दडून बसतो गं. औषधाने जाईल."

"आणि पोरं?"

"ती दोघं शुद्धीवर आलीत. वाचतील."

ताई रडली नाही. मग तिने हळूच विचारलं, "बारक्याला मीच भरवायचे ना गं?"

कालपासून मधली ताईची नोकरी जाईल म्हणून घाबरत नव्हतीच. घाबरत होती ती या प्रश्नाला.

"तो पाण्याने गेला, ताई," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने न तपासता निकाल दिला.